किनाऱ्याची शांतता
महोदय,

गेल्या जूनमध्ये ग्रीसमधील झाकिन्थोस बेटावर आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथील लागानास उपसागर हे भूमध्य समुद्रातील लॉगरहेड कासवांच्या विणीचे प्रमुख ठिकाण असून, 1999 मध्ये तेथे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. गेराकासच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी पाण्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातच बसायचे, कारण मागच्या कोरड्या वाळूत घरटी असतात, आणि रात्री किनारा पूर्ण मोकळा ठेवायचा, असा नियम आहे. सेकानियाच्या किनाऱ्यावर तर प्रवेशच नाही. दिवसभर आम्हाला लाटांखेरीज काही ऐकू आले नाही; एका घरट्याभोवती रोवलेल्या काठ्यांशेजारून, सकाळच्या ओल्या वाळूत कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांची दुहेरी नक्षी पाण्यापर्यंत गेलेली पाहून माझी पत्नी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. (त्याच उपसागरातील लागानास गावात मात्र रात्रभर गोंगाट असतो, हेही सांगायला हवे.)

आमच्या गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथेही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, वन खात्याचे कर्मचारी घरट्यांना कुंपण घालून राखण करतात. पण उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या पिल्लांना समुद्राऐवजी शॅकचे (किनाऱ्यावरील तात्पुरत्या खानावळींचे) दिवे खुणावतात. तेव्हा निदान विणीच्या महिन्यांत या तीन किनाऱ्यांवर रात्री दिवे व ध्वनिवर्धक बंद ठेवून माणसांचा वावर थांबवावा, आणि त्याची अंमलबजावणी येत्या हंगामापासूनच व्हावी, अशी सरकारला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, मांद्रे (पेडणे)