टोंगळ्याचे प्रश्न वऱ्हाडी कानाला कळतात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघ्याच्या, म्हणजे वऱ्हाडीत टोंगळ्याच्या, उपचाराचा किती गुण आला, हे एक्स-रे सांगत नाही. रुग्णालाच विचारावं लागतं. त्यासाठी १९९८ साली प्रसिद्ध झालेली 'कूस' (KOOS) ही गुडघ्याच्या त्रासाची इंग्रजी प्रश्नावली आहे. ४२ प्रश्न, पाच भाग, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण; ० म्हणजे त्रास नाही, ४ म्हणजे सगळ्यांत जास्त. प्रत्येक भागाच्या गुणांची सरासरी काढून तिचा हिशेब उलटा करून शंभरावर आणतात. १०० म्हणजे त्रास मुळीच नाही. पण तिचं शुद्ध मराठी केलं म्हणजे ती यवतमाळ-वाशीमच्या खेड्यात चालली, असं होत नाही.

मोज्यांचंच पाहा. रोजच्या कामांच्या १७ प्रश्नांत मोजे घालणं, मोजे काढणं, कारमध्ये चढणं-उतरणं आणि टबात उतरणं असे चार आहेत. मोजे कधी न घातलेली बाई 'त्रास नाही' सांगते आणि तिला शून्य पडतं. उरलेल्या १३ प्रश्नांना तिने ३ सांगितले, तर बेरीज ३९ आणि निकाल ४३. तेच चार कोरे ठेवले, तर निकाल २५. निदान अर्धे प्रश्न भरलेले असले की भरलेल्यांची सरासरी चालते, म्हणून कोरं ठेवणं नियमातच बसतं. 'करतच नाही' आणि 'त्रास नाही' यांतला फरक विचारणाऱ्याने आधी पक्का करावा. मोज्यांच्या जागी जोडवी घालणं आणायचं असेल, तर मूळ कर्त्यांना विचारून आणि तशी नोंद ठेवून.

उकिडवं बसणं मूळ प्रश्नावलीत 'खेळ व विरंगुळा' या भागात आहे. साठीची बाई हे शीर्षक ऐकूनच तो भाग सोडते, आणि निंदण, चूल, शौच सगळं उकिडवंच! प्रश्न दुसऱ्या भागात हलवू नये, नाहीतर इतर ठिकाणच्या गुणांशी तुलना संपते. शीर्षक मोठ्याने न वाचता प्रश्न विचारावा, आणि तसं केल्याचं लिहून ठेवावं.

शब्दांचं असंच. 'ताठरता' म्हटलं की लोक दुखणंच सांगतात. 'सकाळी टोंगळा आखडते का, मोकळा व्हायला वेळ लागते का' म्हटलं की बरोबर कळतं. 'मध्यम', 'बराच', 'अतिशय' यांची चढण सगळ्यांना सारखी वाटत नाही. पाच शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहून दहा जणांना क्रमाने लावायला सांगा, गोंधळ लगेच दिसेल. वाचता न येणाऱ्यांना काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे ही पायरी जमते. मात्र ती वापरायची तर सगळ्यांनाच. 'गेल्या आठवड्यात'ऐवजी 'मागच्या बाजारापासून' म्हणायचा मोह होतो, पण बाजार कालच झाला असेल तर आठवडा एका दिवसाचा होतो. 'गेल्या बुधवारपासून' असा वार सांगावा.

छपाईतली चूक सगळ्यांत महाग. गुडघा पूर्ण सरळ होतो का, पूर्ण वाकतो का, या दोन प्रश्नांची उत्तरं 'नेहमी'पासून सुरू होतात, कारण इथे 'नेहमी' म्हणजे शून्य. डीटीपीवाला सगळे रकाने सारखे करतो आणि त्या दोन प्रश्नांचे गुण उलटे पडतात.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणायची रीत ठरलेली आहे: दोघांनी वेगवेगळं भाषांतर, त्याचा मेळ, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, समितीची बैठक, मग ३०-४० रुग्णांवर चाचणी. या रुग्णांना 'कळलं का?' विचारू नये, सगळे 'हो' म्हणतात. 'यात काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा' म्हणावं. पुढे आकड्यांनी पारखायला निदान १०० रुग्ण हवेत. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, ०.७० ते ०.९५ मध्ये बसावा. त्याच्या वर गेला तर प्रश्न एकमेकांची नक्कल करताहेत. १५ टक्क्यांहून जास्त लोक अगदी तळाला किंवा अगदी माथ्याला असतील, तर तो भाग त्यांच्यातला फरक दाखवत नाही.

फेरतपासणी, म्हणजे त्याच रुग्णांना पुन्हा तेच प्रश्न विचारून उत्तरं जुळतात का पाहणं, निदान ५० जणांची, एक-दोन आठवड्यांनी. ती कापूस वेचणी सुरू होताना करू नये. पहिल्या वेळी बाई घरी, दुसऱ्या वेळी दिवसभर वावरात. टोंगळाच बदललेला असतो, आणि खापर प्रश्नावलीवर फुटतं. दोन्ही वेळी काम सारखं होतं का हे विचारून, ज्यांचं तसंच होतं तेवढ्यांचेच आकडे धरावेत. दोन्ही वेळी विचारणारी व्यक्तीही एकच असावी, आणि मायच्या टोंगळ्याचं उत्तर शेजारी बसलेल्या पोराने दिलं तर तो कागद बाजूला काढावा.

— एक फिजिओथेरपिस्ट, जि. यवतमाळ