दुखणं विचारता, तसं मनाचंही विचारा

संपादक महोदय,

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे (उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी) काढण्याची घोषणा झाली, त्यांतली २०० पहिल्याच वर्षी. केमोसाठी पहाटेची एसटी धरून पुणे-मुंबई गाठणाऱ्यांना याचे मोल विचारा. मी स्वतः स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण आहे. ही केंद्रे उभी राहत असतानाच एक मागणी मांडते.

मी उपचार घेतले तिथे दर वेळी सिस्टर विचारायच्या, "काकू, दुखणं दहापैकी किती?" मी चार म्हणायचे, कधी सहा. मग उलट्या, जुलाब, तोंड आलंय का, तळपायाला मुंग्या येतात का. सगळे केसपेपरवर उतरायचे. झोप का लागत नाही, कशाची धास्ती वाटते, घरी बोलायला कोण आहे, हे मात्र कुणी विचारले नाही. ज्या आठवड्यात मन खचलेले असे, त्याच आठवड्यात दुखणे सहावर जाई आणि भाताचा घास फिरत राही. गोळ्या त्याच असत.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारे केंद्र, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनीच सांगून ठेवले आहे की अशा रुग्णाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची मिळून एकच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपशामक उपचारांच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, व्याख्येतही हे सारे येते. एडमंटन नावाची एक पानाची प्रश्नावली जगभर वापरतात. तीत वेदना, थकवा, भूक यांच्याबरोबरच उदासी आणि चिंता यांनाही शून्य ते दहा आकडा द्यायचा असतो. भरायला पाच-दहा मिनिटे पुरतात.

आध्यात्मिक आधार म्हटले की लोकांना देवधर्मच आठवतो. मला हरिपाठाने बळ दिले, हे खरे. पण शेजारच्या खुर्चीवर सलाईन घेणारे एक निवृत्त एसटी कंडक्टर देव मानत नसत. बांधावरून भावाशी बिनसलेले, वर्षानुवर्षे बोलणे नाही. एके दिवशी तो भाऊ त्यांच्यासोबत आला आणि दिवसभर उशाशी बसून राहिला. त्या दिवशी या गृहस्थांनी स्वतःहून चहा मागितला आणि दोन खारी बुडवून खाल्ल्या. त्याआधी त्यांना चहाचा वासही सोसत नसे. आजार होता तेवढाच होता, पण जीव निवला होता. अभ्यासकांनाही असेच दिसले आहे की मनाची शांती आणि जगण्याला अर्थ आहे ही भावना ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नैराश्य कमी आढळते. केवळ श्रद्धेपेक्षा या दोन गोष्टींशी असलेला संबंध जास्त ठळक असतो. पण मनाच्या शांतीने गाठ विरघळते असे कुणी सांगत असेल आणि औषध सोडायला लावत असेल, तर तो रुग्णाचा घात आहे.

आणि श्रद्धेच्या नावाने जखमही होते. "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, भोगूनच संपवावं लागतं," असे मला घरी भेटायला आलेल्या बाईंनी सांगितले, तेही माझ्या मुलीसमोर. एका ओळखीच्या घरी माझा कप वेगळा ठेवला गेला. कर्करोग उष्ट्याने पसरत नाही, हे किती वेळा सांगायचे? अशा बोलण्याने माणूस भेटीगाठी टाळू लागतो, आणि ज्या वेळी माणसे हवीत त्याच वेळी एकटा पडतो.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळते. जिल्ह्याच्या गावी असे काय आहे?

म्हणून आरोग्य विभागाला विनंती आहे. प्रत्येक डे-केअर केंद्रात मराठीत बोलणारा एक प्रशिक्षित समुपदेशक पगारी नेमावा, सोबतच्या माणसाला पाठ टेकायला जागा असावी, आणि केसपेपरवर वेदनेच्या रकान्याखाली आणखी दोन रकाने छापावेत: मन कसे आहे, आणि सोबत कोण आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड