सात अक्षरं मोजायला लावणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

मागच्या महिन्यात मिरजेत तुमच्याकडे विळीला धार लावून घ्यायला आली आणि निघता निघता पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला सुरा काढून बसली, ती बाई मी. गाडीची वेळ झाली होती, आभार मानायचे राहूनच गेले. चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणत होतात, म्हणून नातीकडून वाचून घ्या.

आमच्या घरी त्या सुऱ्याला ‘राजस’ म्हणतात. आजोबा म्हणायचे, आता आत्या म्हणते. राजस म्हणजे राजाचा, म्हणजे कुणा सरदाराच्या कमरेचा, म्हणजे पेशवाईतला, अशी आम्ही लावलेली वंशावळ. मूठ म्हशीच्या शिंगाची, हेही ठरलेलं. तुमच्याआधी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवला, तर त्याने तो पेशवाईतून उचलून थेट शिवकाळात नेला आणि तसा दाखला द्यायचे पैसेही सांगितले. पात्याकडे त्याने धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

पातं तुम्हीही आधी पाहिलं नाहीत. सुरा उलटा धरून मुठीचं बूड पाहिलंत आणि मला दाखवलंत: कडेने घट्ट, मधे बारीक जाळी. म्हशीचं शिंग नखाच्या जातीचं, जाळलं तर केसांसारखं घाण वास मारतं. हे हाडाच्या जातीचं, दरवर्षी गळून नवं येणारं. “सांबरशिंग. घरी उगाळायला नव्हतं का कधी?” होतं की! छातीत कफ झाला की आजी सहाणेवर तेच उगाळून लेप लावायची. ते खरबरीत, खाचाखाचांचं शिंग मी शंभरदा हातात धरलंय, आणि मुठीवर मात्र ओळखलं नाही.

मग मी म्हटलं, गंज फार आहे, चाकावर घ्या. तुम्ही जवळजवळ रागावलात. “चाकावर घेतला तर चकचकीत होईल आणि मुका होईल.” दोन गिऱ्हाइकं उभी असताना रॉकेलचा बोळा घेऊन मुठीजवळचं बोटभर पातं तुम्ही पुसत बसलात. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण माझी आधीची गाडी तेवढ्यात गेली. आधी चांदणी दिसली, मग तिच्याशेजारी क्रूस. तुम्ही म्हणालात, इंग्रजी मला येत नाही, नाव तुम्ही वाचा, पण आधी अक्षरं मोजा. सात का सहा? नकली मालात एक अक्षर कमी असतं, हे वडिलांनी शिकवलेलं. मी बोट ठेवून मोजली. सात. आर, ओ, डी, जी, ई, आर, एस. वर मुकुट, त्याच्या एका बाजूला व्ही, दुसऱ्या बाजूला आर. “राणीछाप,” तुम्ही म्हणालात, रुपयाबद्दल बोलावं तसं.

जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, म्हणजे इंग्लंडातलं चाकूसुऱ्यांचं गाव. ‘राजस’चा उलगडा मला गाडीत किर्लोस्करवाडीच्या आसपास झाला आणि एकटीच हसत बसले.

घरी येऊन वाचलं. चांदणी आणि क्रूस ही खूण रॉजर्सना तिथल्या कारागिरांच्या संघाने १७६४ मध्ये दिली. १८२२ पासून ते इंग्लंडच्या राजघराण्याचे चाकूवाले. व्हिक्टोरियाची अक्षरं आहेत म्हणजे सुरा १८३७ ते १९०१ मधला. पेशवाई १८१८ लाच संपली, तेव्हा तो प्रश्न मिटला. आणि शेफील्डचे कारागीर मुठींसाठी सांबरशिंग हिंदुस्थानातून मागवत, हे वाचल्यावर मी पुन्हा एकदा मूठ हातात घेऊन बघितली. सरदार गेला याचं वाईट वाटेनासं झालं. आपल्याकडच्या रानातलं शिंग बोटीने तिकडे जायचं, पोलाद लावून परत यायचं आणि आपणच ते विकत घ्यायचो, ही गोष्ट मला सरदारापेक्षा जास्त आवडली.

आमच्या घरी तो कुणी आणला, हे मी तुम्हालाच विचारलं होतं. “ते पोलादावर लिहिलेलं नसतं,” म्हणालात. त्या व्यापाऱ्याने तेही सांगितलं असतं.

विकायचा विचार नव्हताच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे सांबरशिंगाचा बाजार मांडताही येत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. पैसे घेतलेत ते फक्त विळीचे. मिरजेतल्या काही शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हत्यारं सोडून सतारी करायला घेतल्या, मिरजेचं नाव त्यांनी केलं. तुमचं घराणं धारेपाशीच राहिलं, हे माझं नशीब.

सुरा तेल लावून कपाटात ठेवलाय, चाकाला लावलेला नाही. आत्याला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, मग राजस इंग्रजांचा. आता तिने तिचा पितळी अडकित्ता काढून ठेवलाय. तो नक्की पेशवाईतला आहे म्हणे. पुढच्या गुरुवारी घेऊन येते.

तुमची,
विळीवाली