सानिकास, तुझ्या ग्राफिक्स चिपबद्दल

चि. सानिका,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या एम.टेक. प्रोजेक्टची आकृती काल रात्री नीट बघितली. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा छोटा प्रोसेसर, ही कल्पना मला फार आवडली. हेन्री फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात नेमकं हेच बांधलं होतं. त्यांच्या पिक्सेल-प्लेन्स ४ या यंत्रात ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ एक-बिटी (एका वेळी एकच बिट हाताळणारे) प्रोसेसर होते. पडद्यावरचं चित्र छोट्या त्रिकोणांनी बनतं; त्रिकोणाच्या एका कडेचं समीकरण आत सोडलं की प्रत्येक पिक्सेलला आपापलं उत्तर एकाच वेळी मिळायचं. तिन्ही कडांच्या आत असलेले पिक्सेल चालू राहायचे, बाकीचे गप्प.

आता तुझ्या आकृतीकडे बघ. त्रिकोण पन्नास पिक्सेलांचा असेल तर बाकीचे अडीच लाखांहून जास्त प्रोसेसर काय करतात? नुसते बसून राहतात. म्हणून तर पिक्सेल-प्लेन्स ५ मध्ये त्यांनी १२८ × १२८ चे तुकडे केले आणि वेगवेगळे तुकडे पडद्याच्या वेगवेगळ्या भागांवर कामाला लावले.

आजच्या एनव्हिडियाच्या चिपमध्ये ३२ थ्रेडचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ३२ छोट्या कामांचा, एक गट असतो, त्याला वॉर्प म्हणतात, आणि त्या सगळ्यांना एकच सूचना जाते. इफ-एल्समध्ये, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा ठिकाणी, काही इकडे, काही तिकडे गेले की दोन्ही वाटा एकामागून एक चालवाव्या लागतात. पण खरी रखडपट्टी मेमरीपाशी. टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, बाहेरच्या मेमरीतून यायला शेकडो सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) जातात, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. एक वॉर्प अडला की चिप लगेच दुसरा उचलते, कारण सगळ्या वॉर्पचे रजिस्टर, म्हणजे चालू आकडे ठेवायचे कप्पे, आतच तयार असतात. त्यासाठी सिलिकॉनवर केवढी जागा द्यावी लागते! शिवाय शेडरने (पिक्सेलचा रंग वगैरे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) थ्रेडमागे जास्त रजिस्टर मागितले की आत मावणारे वॉर्प कमी होतात आणि वाट बघणं पुन्हा उघडं पडतं. ही ओढाताण मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तुझ्या आकृतीत रजिस्टरची चौकट कोपऱ्यात एवढीशी आहे, तिथे आधी वेळ घाल.

प्रोसेसरांची संख्या तूर्त आहे तेवढीच ठेव. सिम्युलेशनमध्ये त्रिकोण लहान-लहान करत जा आणि दर सायकलला किती प्रोसेसर खरंच कामात आहेत ते मोज. रविवारी फोन करशील तेव्हा मला तो आकडा सांग.

तुझी,
आई