टर्बो बदलण्याआधी तो का गेला, ते शोधा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या मोटार पुरवणीत जुन्या गाडीत टर्बोचे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाचे) इंजिन बसवण्याविषयी लेख आला आहे. इंजिन उतरवणे, माउंटिंग जुळवणे, गिअरबॉक्सशी जोडणे हे सगळे त्यात नीट सांगितले आहे. पण इंजिन जागेवर बसल्यावर ‘बॅटरी जोडा आणि चावी फिरवा’ एवढ्यावर लेख संपतो. खरी कटकट तिथून सुरू होते. गाडी ओढत नाही, मागून निळा धूर येतो, टर्बो शिट्टी मारतो. मग दोष टर्बोच्या माथी मारून दुसरा टर्बो आणला जातो आणि थोड्याच दिवसांत तोही जातो. यातल्या बऱ्याच वेळा बिघाड टर्बोत नसतो, त्याच्या आजूबाजूला असतो. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट. मूळ टर्बोसाठीच बनलेले पूर्ण इंजिन बसवणे वेगळे आणि साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावणे वेगळे. लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. जुन्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) बहुधा ८ ते ९ ला १ असतो, तर साधे इंजिन १० ला १ किंवा त्याहून वर असू शकते. तशा इंजिनात दाबाची हवा भरली की नॉकिंग होते (मिश्रण अवेळी भडकून ठोके बसतात) आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये १०.२५ ला १ कॉम्प्रेशनवर टर्बो बसवला होता आणि नॉकिंग रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण आत फवारले जाई. ते मिश्रण भरायला मालक विसरत. पुढे यांतल्या कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. तेव्हा घ्यायचे तर पूर्ण टर्बो इंजिनच घ्यावे आणि त्याच गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर (चावी ओळखणारे चोररोधक यंत्र), चावी, वायरिंग, एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), इंजेक्टर आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) सोबत घ्यावेत. ईसीयू एका गाडीचा आणि चावी दुसऱ्या गाडीची असेल तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही किंवा पेटून लगेच विझते. आणि माणूस पेट्रोल पंप तपासत बसतो.

इंजिन जमिनीवर असतानाच कॉम्प्रेशन तपासावे. सगळे प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा धरून. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट हे याच वेळी बदलून घ्यावे. नंतर त्यासाठी अर्धी गाडी पुन्हा उघडावी लागते.

आता तेल. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर किंवा त्याहूनही अधिक फेरे घेतो आणि साध्या बेअरिंगच्या टर्बोत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर काही सेकंद तुटला तरी बेअरिंगवर ओरखडे उमटतात. म्हणून तेल आणणारी नळी जुनी वापरू नये. बाहेरून ती चकचकीत दिसते, पण उष्णतेने आत तेलाचा कोळसा चिकटून भोक निम्म्यावर आलेले असते. बँजो बोल्टमध्ये (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असेल तर ती हमखास बुजलेली निघते. ती साफ करत बसू नये, बोल्ट नवीन घ्यावा. तेलाच्या फ्लँजला (नळीच्या सांध्याच्या चपट्या तोंडाला) सिलिकॉनचा लेप कधीही लावू नये. घट्ट आवळल्यावर आतल्या बाजूला आलेला त्याचा लोळा सुटतो आणि थेट बेअरिंगच्या छिद्रात जाऊन बसतो. तिथे कोरडे पॅकिंग किंवा तांब्याचा वॉशरच हवा. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर तेलाच्या तोंडाशी तेलाचा प्रवाह आवरणारा, साधारण १ मि.मी. भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोला तो सहसा लागत नाही. तिथे हौसेने बसवला तर टर्बो उपाशी मरतो.

परतीच्या नळीकडे त्याहून कमी लक्ष दिले जाते. टर्बोतून बाहेर पडणारे तेल फेसाळलेले असते आणि त्याला मागून कसलाही दाब नसतो. ते निव्वळ उतारावरून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) जाते. ही नळी आतून निदान १५ मि.मी. रुंद असावी, कुठेही वर चढू नये, तिला झोल पडू नये आणि चेंबरमध्ये ती तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. टर्बोचे तेलाचे निकासी तोंड सरळ खालच्या दिशेपासून ३५ अंशांहून जास्त कलू देऊ नये. इंजिन बदलताना चॅसिस आडवी येते म्हणून नळीला वळसा दिला जातो, आणि तिथेच घात होतो. तेल परत जाऊ शकले नाही की बेअरिंग हाउसिंगमध्ये साचते आणि शाफ्टच्या रिंगांवरून सायलेन्सरकडे किंवा इंटरकूलरकडे निघते. टर्बोतली ही सीले रबराची नसतात. पिस्टनच्या रिंगेसारख्या धातूच्या रिंगा असतात. साचलेले तेल अडवायला त्या बनवलेल्याच नाहीत. ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला तरी हेच होते, कारण चेंबरमधला दाब तेलाला खाली येऊ देत नाही. आयडलिंगला ऑइल भरायचे झाकण फिरवून मोकळे करून नुसते टेकवून ठेवावे. ते थडथडत नाचू लागले तर आधी ब्रीदर आणि रिंगा बघाव्यात. निळ्या धुरासाठी नवीन टर्बो आणणाऱ्यांपैकी कितीजण ही दोन मिनिटांची तपासणी करतात?

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टर्बोच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. मग इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडे थोडे थांबून स्टार्टर मारावा. सुरू झाल्यावर काही मिनिटे फक्त आयडलिंग. रेस अजिबात करू नये. दामटून चालवल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे आयडलिंगला ठेवावी, नाहीतर गरम हाउसिंगमध्ये थांबलेले तेल जळून नळीत पुन्हा कोळसा धरतो.

गेलेला टर्बो फेकण्याआधी त्याच्यावरच्या खुणा वाचाव्यात. कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांच्या कडा झिजून धारदार झाल्या असतील तर एअर फिल्टर किंवा त्याची नळी धूळ आत सोडते आहे. टर्बाइनची (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाची) पाती ठेचली गेली असतील तर इंजिनातून काहीतरी सुटून आले आहे: प्लगचा किंवा व्हॉल्व्हचा तुकडा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागाचे) पॅकिंग. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर तेल पोहोचलेले नाही. शाफ्ट आडवा किंचित हलणे साध्या बेअरिंगमध्ये स्वाभाविक आहे, कारण तेलाचा दाब नसताना मधली जागा रिकामी असते. पाती हाउसिंगला घासता कामा नयेत. पुढे-मागे मात्र तो जाणवण्याइतका हलू नये. कॉम्प्रेसर फुटला असेल तर इंटरकूलर बदलावाच. त्याच्या नळ्यांत अडकलेले बारीक तुकडे धुऊन पूर्ण निघत नाहीत, आणि ते पुढे सिलिंडरमध्येच जातात.

गाडी ओढत नाही आणि काळा धूर येतो, तेव्हा टर्बोला हात लावण्याआधी हवेची गळती शोधावी. एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने मोजलेली हवा पुढे एखाद्या होजच्या सैल क्लॅम्पमधून निसटते, पण ईसीयू तिच्या हिशोबाने पेट्रोल देतच राहतो. गळती थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल तर गंमत उलटी होते: आयडलिंगला तिथे सक्शन असल्याने न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि आरपीएम वर-खाली डोलतात. एकच भोक, पण आयडलिंगला आणि दाबाखाली दोन विरुद्ध तक्रारी. शोधण्यासाठी टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर व्हॉल्व्ह बसवलेले झाकण घट्ट लावून अर्ध्या बारपासून (बार हे दाबाचे माप) हवा भरावी, १ बारच्या वर जाऊ नये, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे. त्याआधी ब्रीदरची नळी बंद करायला विसरू नये, नाहीतर हवा चेंबरमध्ये शिरून ऑइल सीले बाहेर काढते. सायलेन्सरमधून येणाऱ्या फुसफुशीने फसू नये. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. आवाजासाठी बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावण्याची हौस एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत याच कारणाने नडते. गिअर बदलताना इंजिन गचके देते किंवा बंद पडते.

टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, जास्त होत असेल तर पहिला संशय वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) बारक्या रबरी नळीवर. ती तडकली किंवा निसटली की ही झडप हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला दाबाची खबरच लागत नाही, झडप बंद राहते आणि बूस्ट चढत जातो. हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला दाब देऊन रॉड ठरलेल्या आकड्याला हलतो आणि तिथेच टिकतो का ते पाहावे. उलट, झडप गंजून उघडी अडकली असेल किंवा मॅनिफोल्ड आणि टर्बोमध्ये एक्झॉस्ट फुंकत असेल तर बूस्ट उशिरा येतो किंवा येतच नाही.

इंधनाबाबत जुन्या गाडीची टाकी हाच कच्चा दुवा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो. इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात, शिवाय परतीची लाइन हवी. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर वळणावर पेट्रोल बाजूला सरकते आणि नेमका भर बूस्टमध्ये पंप हवा ओढतो. इंधनाचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर इनलेट मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाला) जोडलेला असेल तर बूस्टइतकाच इंधनाचा दाब वाढायला हवा: मूळ ३ बार, बूस्ट ०.७, म्हणजे गेजवर ३.७. काटा ३ वरच थांबला तर रेग्युलेटरची नळी बघावी; काटा खाली पडला तर पंप पुरा पडत नाही. अशा वेळी रेस सोडून द्यावी, कारण पातळ मिश्रणावर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. बूस्टमध्ये पेट्रोलच्या एका भागाला हवेचे ११.५ ते १२.५ भाग हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. ते मोजायला वाइडबँड (मोठ्या टप्प्यात मोजणारा ऑक्सिजन) सेन्सर लागतो. जुन्या गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळण्याच्या नेमक्या प्रमाणाच्या, आसपासच खरे बोलतो.

लेखासोबतच्या चौकटीत प्लगचा गॅप १.१ मि.मी. छापला आहे. तो साध्या इंजिनाचा. दाबाच्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून आयडलिंगला सुरेख चालणारी गाडी चढावर मिसिंग करते (मध्येच पेटणे चुकते). ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवावा आणि प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्यावा. इथे एक खोच आहे: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशच्या प्लगमध्ये आकडा वाढला की गरम. प्लग बदलूनही मिसिंग राहिले तर अर्थिंग तपासावे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टहून जास्त दिसू नये. इंजिन बदलताना अर्थिंगची जाड पट्टी बसवायची राहणे ही नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे सेन्सर असे काही आकडे देतात की चांगला मेकॅनिकही चक्रावतो.

ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या डब्याच्या) सक्शन नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह आहे आणि तो चालतो, याची खात्री रस्त्यावर जाण्याआधी करावी. तो नसेल तर टर्बोचा दाब बूस्टरमध्ये शिरतो आणि पेडल दगडासारखे होते. ब्रेक, रेडिएटर आणि ड्राइव्हशाफ्ट जुन्या ताकदीच्या हिशोबाचे असतात, हे वेगळे सांगायला नको. इंजिन क्रमांक बदलल्याची नोंद नोंदणीपत्रात आणि विम्यात करून घ्यावी.

डिझेलच्या बाबतीत तेल गळणारा टर्बो निव्वळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल सक्शनमधून आत गेले की इंजिन त्याच तेलावर पळत सुटते आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन कोंडून बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये हवेचे तोंड जाड फळीने बंद करावे, हाताने किंवा कापडाने कधीही नाही. तेही जमण्यासारखे नसेल तर बाजूच्यांना घेऊन गाडीपासून लांब व्हावे.

आपला,
एक वाचक व मोटार तंत्रज्ञ