ओसाकाला फोटो काढून परतू नका

प्रति,
मा. संपादक,

विषय : जपानच्या सहलीतले किल्ले

महोदय,

दिवाळी सरली की चेरीच्या बहरातल्या जपान सहलींच्या जाहिराती सुरू होतात. क्योतो-ओसाका भागात, म्हणजे कान्साईत, किल्ला म्हणून त्यात बहुधा एकच नाव असते : ओसाका. वेळ पाऊण तास, बाहेरून फोटो. राजगडाच्या तिन्ही माच्या पायाखाली घातलेल्या माणसाला एवढेच दाखवून परत आणायचे म्हणजे रायगडाच्या रोपवेत बसवून वरच्या वरच खाली आणण्यातला प्रकार झाला.

ओसाकाचा जो मनोरा फोटोत येतो तो 1931 साली शहरवासीयांच्या वर्गणीतून उभा राहिला. काँक्रीटचा आहे, आत लिफ्ट आहे आणि संग्रहालय आहे. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा मूळ किल्ला 1615 मध्ये जळाला. त्यावर भराव टाकून त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याने नवा किल्ला बांधला, त्याचा मनोरा 1665 मध्ये वीज पडून गेला. त्यामुळे आज दिसणारे तट तोकुगावांचे, मनोरा विसाव्या शतकातला आणि हिदेयोशीचा तट पायाखाली गाडलेला. त्या गाडलेल्या तटाचा एक कोपरा खोदून, वर छप्पर घालून एप्रिल 2025 पासून लोकांना दाखवला जातो. मनोऱ्याच्या 1,200 येनच्या तिकिटातच तो पाहता येतो, तरी बरेच गट त्याच्यावरून तसेच पुढे जातात.

ओसाकाला वेळ थोडाच असेल तर मनोऱ्याची रांग सोडा आणि साकुरा दरवाजाच्या आतल्या चौकात जा. समोरच्या भिंतीत 'ताकोइशी' नावाचा एक चिरा आहे. दर्शनी भाग साडेपाच मीटर उंच आणि जवळपास बारा मीटर रुंद, वजन अंदाजे 108 टन. बिझेन प्रांतातून तो समुद्रमार्गे आणला. गंमत अशी की त्याची जाडी मीटरभरही नसावी. आल्यागेल्याची छाती दडपावी म्हणून फरशीसारखा उभा केलेला हा दगड आहे. तटात इतरत्र चिऱ्यांवर वर्तुळे, बाण, अक्षरे कोरलेली दिसतात. बांधकाम वेगवेगळ्या सरदारांच्या अंगावर टाकलेले होते आणि दगडांची अदलाबदल होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून ज्याने त्याने आपली खूण कोरून ठेवली.

मराठी वाचकाला हे किल्ले वाचायला फारशी नवी परिभाषा लागत नाही. 'होनमारू' म्हणजे बालेकिल्ला. 'सामा' म्हणजे जंग्या, भिंतीतून मारा करण्याची भोके. 'मासुगाता' म्हणजे दोन दरवाजांमधला चौकोनी कोंडीचा चौक. पहिल्या दरवाजातून आत आलेल्याला काटकोनात वळावे लागते आणि तोवर वरून तिन्ही बाजूंनी मारा होतो. आपल्या गोमुखी दरवाजामागे हीच बुद्धी आहे. वेगळा पडतो तो 'तेन्शु', म्हणजे मधला मनोरा. तो राजवाडा नव्हे. धन्याचे राहते घर बहुधा खाली असे. तेन्शु हे कोठार, टेहळणी, शेवटचा आसरा आणि मुख्य म्हणजे दरारा. असे जुने लाकडी तेन्शु सगळ्या जपानात आता बाराच उरले आहेत. 1873 मध्ये मेइजी सरकारने बहुतेक किल्ले मोडीत काढले आणि त्यातूनही वाचलेल्यांपैकी काही 1945 च्या बॉम्बफेकीत जळाले. त्या बारांपैकी कान्साईत दोन आहेत, हिमेजी आणि हिकोने.

हिमेजी ओसाकाहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने अर्धा तास, 'शिनकाइसोकु' या जलद लोकलने सुमारे एक तास आणि 1,500 येनच्या आसपास. स्टेशनाबाहेर आले की सरळ रस्त्याच्या टोकाला, किलोमीटरभरावर, किल्ला दिसतो. बॅगा स्टेशनावरच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात, मनोऱ्यात त्या घेऊन चढणे हा निव्वळ त्रास आहे. वेळ 9 ते 5, पण शेवटचा प्रवेश 4 वाजता. गटाच्या बसने साडेतीनला पोचून हा किल्ला होत नाही, अडीच-तीन तास हवेतच. मार्च 2026 पासून शहराबाहेरच्या प्रौढांना 2,500 येन पडतात (आधी 1,000 होते), 18 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. बहराच्या दिवसांत नऊच्या आधी दारात उभे राहिलात तर जिन्यावरची ताटकळ वाचेल.

इथे पाहायची ती वाट. दरवाजांना जपानी वर्णमालेच्या क्रमाने इ, रो, हा, नी, हो अशी नावे आहेत, जणू क, ख, ग. हिशी दरवाजातून आत शिरल्यावर मनोरा हाताच्या अंतरावर वाटतो. मग वाट त्याच्याकडे पाठ करते, अरुंद होते, उलटी वळते. 'नी' दरवाजात छत ठेंगणे होते. 'हो' ओलांडल्यावर वाट चक्क उतरायला लागते आणि आपण बाहेर चाललो की काय असे वाटते. घाईत असलेल्या शत्रूला नेमके हेच वाटायला हवे होते. दोन्ही हातांच्या भिंतींत जंग्या आहेत. उभ्या आयताकृती त्या बाणांसाठी. गोल, त्रिकोणी, चौकोनी त्या बंदुकांसाठी. बाहेरून तोंड लहान, आतून रुंद. एखाद्या जंगीला आतून डोळा लावून पाहा, खालची कुठली वळणे तिच्या माऱ्यात येतात ते लगेच कळते.

'हो' दरवाजाशेजारी चुन्याचा गिलावा नसलेला एक मातकट भिंतीचा तुकडा आहे. फळ्यांच्या साच्यात माती थराथराने ठोकून केलेली ही भिंत, थर अजून मोजता येतात. जवळच्या तटात जाळीमागे जात्याचा एक तुकडा बसवलेला दिसेल. दगड कमी पडले तेव्हा गरीब म्हातारीने आपले जाते दिले अशी कथा सांगतात. कथा खरी-खोटी असो, दगडांची टंचाई खरी होती. याच किल्ल्याच्या तटांत जुन्या थडग्यांच्या दगडी पेट्या आणि दीपस्तंभही चिणलेले आहेत.

आजचा मनोरा इकेदा तेरुमासाने 1601 ते 1609 मध्ये बांधला. बाहेरून पाच मजले, आतून सहा आणि एक तळघर. आत जोडे काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. फळ्या शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झाल्या आहेत, त्यावर नायलॉनचे मोजे सटकतात; सुती जाड मोजे घालावेत. थंडीत तर जमीन बर्फासारखी लागते. तळघरापासून वरपर्यंत दोन अजस्र खांब गेले आहेत. पूर्वेचा जुना, पश्चिमेचा 1956-64 च्या दुरुस्तीत बदललेला. जिने उभे आहेत आणि वर जाताना अधिकच उभे होतात.

गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी मनोरा सोडून पश्चिमेच्या आवाराचा लांब लाकडी सोपा पाहावा आणि बाहेरून तट न्याहाळावेत, काही गमावल्यासारखे होणार नाही. अशांना ओसाकाची लिफ्टही कामाची आहे. ते संग्रहालय चांगले आहे, तक्रार फक्त त्याला चारशे वर्षांचा किल्ला म्हणून खपवण्याबद्दल आहे. आणखी एक फुकटची गोष्ट : हिमेजीला जाताना आकाशी स्टेशनावर गाडी थांबली की उत्तरेच्या खिडकीतून पाहा. तटावरचे दोन तिमजली बुरूज-मनोरे मूळचे आहेत आणि फलाटावरून स्वच्छ दिसतात.

हिकोने उलट्या दिशेला, बिवा सरोवराकाठी, क्योतोहून शिनकाइसोकुने सुमारे 50 मिनिटे. हिमेजीचा दिमाख इथे नाही आणि गर्दीही नाही. आमचे मत विचाराल तर अभ्यासाला हिकोने सरस. मनोरा 1607 चा, तिमजली आणि लहानखुरा. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत तो सुटा केला तेव्हा लाकडांवरच्या खुणांवरून कळले की तो आधीच्या एका मोठ्या मनोऱ्याच्या सामानातून उभारला आहे. ओत्सुचा किल्ला मोडून ते आणले असे परंपरा सांगते. त्याच्या जंग्या बाहेरून दिसत नाहीत, कारण त्यांवर गिलाव्याचा पातळ पापुद्रा आहे आणि वेळ आली की आतून फोडायचा. जिन्याचा चढ 62 अंशांचा आहे. उतरताना शिडीसारखे तोंड जिन्याकडे ठेवावे. पुढे तोंड करून उतरणाऱ्याची टाच पायरीवर मावत नाही आणि तिथेच माणसे घसरतात.

मनोऱ्याआधी लागतो तो 'तेन्बिन यागुरा', तराजूसारखी दोन्ही टोकांना बुरूज असलेली इमारत. तिच्यापुढे डोंगराची सोंड मुद्दाम खणून तोडली आहे आणि त्यावर लाकडी पूल आहे. शत्रू आला की पूल पाडायचा. पुलाच्या अलीकडे थांबून दोन्ही हातांचे तट ताडून पाहा. उजवीकडचा मूळचा. त्यात लांबोडे दगड मुळ्यासारखे आत खुपसले आहेत, बाहेर फक्त लहान तोंड. डावीकडचा 1854 च्या दुरुस्तीतला, तिरपे दगड एकमेकांच्या खाचेत बसवलेला. दोन काळांची गवंडीकामे दहा पावलांत समजतात.

या तटांत चुना नाही, दर्जा म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरलेले नाहीत. दर्शनी दगडामागे गोट्यांचा जाड थर असतो, पावसाचे पाणी त्यातून निथळते. तो थर मातीने चोंदला, किंवा झाडाची मुळे घुसली, की पाण्याचा दाब वाढून तट पोट काढतो. कोपऱ्याचे चिरे लांब-आखूड, लांब-आखूड असे आलटून-पालटून रचलेले असतात. तो कोपरा धड असेल तर तट टिकतो. ही दोन गोष्टींची नजर एकदा बसली की कुठलाही उजाड अवशेष बोलायला लागतो. आपले बारा किल्ले जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. हिमेजी 1993 मध्येच गेला होता, हिकोने मात्र 1992 पासून संभाव्य यादीत ताटकळत आहे.

हिकोनेच्याच मार्गावर आझुची आहे, हिदेयोशीचा धनी नोबुनागा याचा किल्ला. बांधकाम 1576 ला सुरू, मनोरा 1579 ला पुरा, 1582 ला राख. इथे शिनकाइसोकु थांबत नाही. गाडीत डुलकी लागलेला प्रवासी सरळ पुढे जातो; ओमी-हाचिमान किंवा नोतोगावाला उतरून साधी लोकल धरावी. स्टेशनापासून पायी 25 मिनिटे किंवा भाड्याची सायकल. डोंगर दोनशे मीटरही उंच नाही, पण पायऱ्या सुमारे चारशे आणि उंचसखल. पहिला जिना सहा मीटर रुंद आणि 180 मीटरपर्यंत नाकासमोर चढतो, जो कुठल्याही लढाऊ किल्ल्यात विचित्रच. पायऱ्यांत बुद्धाच्या दगडी मूर्ती घातलेल्या आहेत, त्यांवर पाय देऊ नका, खुणा केलेल्या आहेत. माथ्यावर मनोऱ्याच्या जोत्याचे दगड ओळीने उरले आहेत. नेमका मधला तेवढा नाही.

हिमेजीच्या उत्तरेला डोंगरमाथ्यावर ताकेदा हा किल्ला आहे, त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ढगांवर तरंगणारा किल्ला म्हणून जो फोटो फिरतो तो किल्ल्यावरून काढलेलाच नसतो, समोरच्या डोंगरावरच्या 'रित्सुउनक्यो'वरून काढलेला असतो. किल्ल्यावर उभे राहिलात तर तुम्ही फोटोत असता. धुके मारुयामा नदीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रात्र निरभ्र, वारा पडलेला आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तर पहाटे दरी भरते आणि आठच्या सुमारास विरायला लागते. पहिल्या गाडीने येऊन ते मिळत नाही. रात्री ताकेदा किंवा पुढच्या वादायामा स्टेशनजवळ मुक्काम करावा आणि टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

हिमेजीहून बान्तान मार्गाने तेरामाएला गाडी बदलून ताकेदा, एकूण दीड तास, गाडी बदलताना थांबावे लागते तो वेळ वेगळा. तेरामाएच्या पुढे डिझेलची छोटी गाडी आहे आणि तिच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी लिहून ठेवा. स्टेशनामागच्या पायवाटेने 353 मीटरचा माथा गाठायला पाऊण तास लागतो. तिकीट 500 येन. जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेर किल्ला बंद. वर एकही इमारत नाही, फक्त अनगड दगडांचे तट, उत्तर-दक्षिण सुमारे 400 मीटर. 2014 च्या सुमारास वर्षाला पाच लाखांवर माणसे आली, मातीची धूप झाली, तटांना धोका झाला. तेव्हापासून एकदिशा मार्ग, दोऱ्या आणि पायाखाली चटया आहेत. दोरी ओलांडून तटाच्या कडेवर बसणारा माणूस वरचा सुटा दगडच हलवत असतो.

आपल्याकडे गड पाहायचे ते पाऊस ओसरल्यावर, तिथले अवशेष पाहायचे ते पानगळीनंतर. नोव्हेंबरअखेर ते मार्च झाडी उतरलेली असते, तट उघडे पडतात, डासही नसतात. ताकेदाची सुट्टी तेवढी सांभाळावी. मधल्या जून-जुलैत तिथेही पाऊस, आणि ओला दगड तिथलाही तितकाच निसरडा. ताकेदाच्या बाजूच्या डोंगरांत अस्वले आहेत, सॅकला घंटी बांधावी.

सहल कंपन्यांकडे मागणे इतकेच की कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक किल्ल्यापुढे तीन गोष्टी छापाव्यात : उभी इमारत कोणत्या साली बांधली, आतले तिकीट दरात धरले आहे की नाही, आणि तिथे किती तास. ओसाकापुढे '1931' छापले म्हणून कोणी सहल रद्द करणार नाही. फार तर दोघे-चौघे विचारतील की मग एक दिवस हिकोनेला का नेत नाही.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक, पुणे