नागपूरला एक छोटे नाट्यगृह द्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण दर डिसेंबरात नागपुरात येता. विमानतळावरून शहरात शिरताना वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृह लागते. त्या भिंतीआड काय होते आणि माणूस तिथवर कसा पोचतो, यावर आमची प्रायोगिक नाटकवाली मंडळी नाटके करतात. कुणी ओलीस धरलेला, कुणी डोके फिरवून घेतलेला कोवळा पोरगा, कुणी न केलेल्या गुन्ह्यासाठी आत गेलेला बाप. या नाटकांसाठी नागपुरात जागा नाही, म्हणून हे पत्र.

सभागृहे आहेत. रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार खुर्च्यांचे आहे. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहाने तर राज्य नाट्य स्पर्धेतल्या कितीतरी संघांना अंगाखांद्यावर खेळवले. या वास्तूंविषयी मनात कृतज्ञताच आहे. पण कोठडीचे नाटक तिथे मरते. आमच्या एका नाटकात बाप निर्दोष सुटून घरी येतो. दार नुसते लोटलेले आहे. तो बाहेरच थांबतो. बायको आतून म्हणते, "या नं, उघडंच आहे." त्याचा हात कडीकडे जातो आणि परत येतो. इतकी वर्षे दार दुसऱ्याने उघडायचे आणि दुसऱ्यानेच लावायचे, हे त्याच्या अंगात मुरले आहे. तो हात चार फुटांवरून दिसला तर प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो. विसाव्या रांगेतून दिसते ते एवढेच, की नट प्रवेश विसरला.

म्हणून आम्ही मिळेल तिथे खेळतो. कधी मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, कधी शाळेचा वर्ग, कधी कुणाच्या घराची गच्ची. जमिनीवर पांढरी टेप लावून कोठडी आखायची आणि प्रेक्षकांना टेपेला लागून बसवायचे. उन्हाळ्यात तेही जमत नाही. कुलर लावला तर संवाद ऐकू येत नाही आणि बंद केला तर मे महिन्यात माणूस बसत नाही. एका सभागृहाने तारीख देऊन, पैसे भरून घेऊन, विषय कळल्यावर दोन दिवस आधी नकार दिला. कारण तोंडी सांगितले, "नसती झंझट नको." लेखी काही मिळाले नाही.

ही भीती मला कळते, आणि तिच्याविषयी सविस्तर बोलायला हवे. तरुणांची माथी भडकवणाऱ्यावर नाटक करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, त्याला रंगमंचावर एवढे बोलू कसे देता? आमच्या नाटकात तो माणूस येतो, पोराच्या शेजारी बसतो आणि विचारतो, "जेवला का बे?" धर्म, क्रांती, सूड यांतले एक अक्षर तो पहिली पंधरा मिनिटे उच्चारत नाही. पोराची फी कुठे अडली, बाप का बोलत नाही, मित्रांनी का टाकले, हे सगळे ऐकून घेतो. प्रेक्षकांनाही चहा देतो आणि प्रेक्षक तो घेतात. नंतर तोच माणूस पोराच्या हातात पिशवी ठेवतो, तेव्हा समोरच्या रांगेतल्या माणसाला हातातला रिकामा कप कुठे ठेवावा हे कळेनासे होते. हे नाटक या शहराला परके नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आयसिसकडे निघाल्याच्या संशयावरून हैदराबादच्या तीन तरुणांना आपल्याच विमानतळावर ताब्यात घेतले होते. गडचिरोलीतल्या किती पोरापोरींना कुणीतरी असेच मायेने बोलून दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, नेले असेल, ते तिथल्या मायबापांना विचारा. राज्य सरकार २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना चालवते, म्हणजे गेलेले पोरगे परत येऊ शकते हे सरकारनेही मान्य केले आहे. मग ते गेले कसे, हे दाखवायला अडचण का असावी? नाटकातल्या त्या माणसाला शिंगे लावली, राक्षसासारखा हसवला, तर समोर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा खऱ्या आयुष्यात त्याला कधीच ओळखणार नाही. त्याची जीभ गोड असलीच पाहिजे. "जेवला का बे?" हे एक वाक्य कापले की नाटक निरुपयोगी होते.

दुसरा आक्षेप असा, की निरपराधांच्या तुरुंगवासावर नाटक म्हणजे पोलिसांविरुद्ध, सरकारविरुद्ध. आम्ही हे विषय हवेतून आणत नाही, निकालपत्रे वाचतो. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना निर्दोष सोडले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळच्या २००३ च्या गुन्ह्यात ते सोळा वर्षे आत होते आणि २००९ मध्ये याच न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली होती. निर्दोष ठरवताना प्रत्येकी पाच लाख रुपये द्या आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करा, असे न्यायालयानेच राज्याला सांगितले. मार्च २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या कारागृहातून एक माणूस बाहेर आला. १९९४ च्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झालेला. गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता, हे मान्य व्हायला त्याला आत अठ्ठावीस वर्षे काढावी लागली. बाराव्या वर्षी आपण काय करत होतो, एवढाच विचार केला तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो व्हायला हवा, पण ते आपले खाते नव्हे. आपल्या खात्यात रंगभूमी येते, म्हणून तिच्यापुरतेच मागतो.

नागपुरात ऐंशी ते शंभर प्रेक्षकांचे एक लघुनाट्यगृह द्या. नवी इमारत नको. सरकारचे पडून असलेले एखादे गोदाम चालेल, जुन्या कार्यालयाचा हॉल चालेल. भिंती काळ्या, वर दिवे टांगायला पाइपांची जाळी, हलवता येतील अशा खुर्च्या आणि आवाज न करणारी थंड हवा. भाडे असे ठेवा की शंभर रुपयांच्या तिकिटात आमची जुळवाजुळव होईल. आणि एकदा दिलेली तारीख नाटकाच्या विषयाकडे बघून काढून घेता येणार नाही, हे नियमावलीत लिहा. यातले हे शेवटचे मला सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण भिंती पुढेमागे कुणीही देईल.

संहितेच्या परिनिरीक्षणाबद्दलही एक विनंती आहे. १८७६ चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने रद्द केला, तरी आपल्या राज्यात प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची पद्धत आहेच. ती असावी का, यावर माझे मत स्पष्ट आहे: नसावी. पण आहे तोवर, वाक्य कापायचे तर कारण लेखी द्या आणि निर्णयाला मुदत ठेवा. आमच्या प्रयोगाला उच्च न्यायालयाच्या खंडपीठातले वकील येतात, निवृत्त पोलीस येतात, आत असलेल्यांच्या घरचे येतात. प्रयोगानंतर ते एकमेकांशी भांडतात आणि चहासाठी थांबतात. असे लोक एका खोलीत बसून हे बोलतात, ही सरकारला घाबरण्याची गोष्ट मुळीच नाही.

येत्या अधिवेशनात एक संध्याकाळ काढा. आम्ही प्रयोग ठेवतो, जागा कुठली ते त्या आठवड्यात मिळेल तशी कळवू. गृहखात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्यांनाही सोबत आणा. नाटक पटले नाही तर नंतरच्या चर्चेत तसे सांगा, आम्ही उत्तर देऊ.

आपला,
नागपूरच्या प्रायोगिक रंगभूमीवरचा एक दिग्दर्शक